नोंदी फाइलीत

कामाच्या नोंदी आजपासून वहीत नाहीत, साध्या मजकुराच्या फाइलींत. निर्णय बरेच दिवस रेंगाळला, कारण वहीवर माझा जीव आहे. डेटाबेसची रचना पेन्सिलीने मांडताना, बाण खोडून पुन्हा काढताना विचार जसा उलगडतो, तसा कीबोर्डवर नाही उलगडत.

पण लांबलचक एरर मेसेज हाताने कोण उतरवून घेणार? मागच्या पावसाळ्यात टाइमझोनची एक भानगड सोडवली होती. सर्व्हरची वेळ यूटीसी, अहवाल भारतीय वेळेचा, साडेपाच तासांच्या फरकाने रात्रीचे व्यवहार भलत्याच तारखेला पडत होते. ती नोंद कुठल्या पानावर आहे, हे वही सांगत नाही. ग्रेप क्षणात सांगतो. केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी लिहिलेलं हे १९७०च्या दशकातलं साधन मला आजही रोज लागतं.

लिहायला मार्कडाउन घेतलं. जॉन ग्रुबर यांनी ते २००४ मध्ये आणलं. ओळीच्या सुरुवातीला हॅश दिला की मथळा, बॅकटिकांत कोड, बस्स! उद्या एखादं ॲप बंद पडलं तरी फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडेल. माझ्या लेखी हेच सर्वांत मोलाचं. फाइली गिटमध्ये ठेवल्यात, त्यामुळे कुठली ओळ कधी बदलली तेही कळतं. पासवर्ड मात्र तिथे लिहायचे नाहीत. ओळ पुसली तरी गिटच्या इतिहासात ती राहतेच.

आकृत्या कागदावरच काढीन आणि फोटो त्या-त्या नोंदीला जोडीन. जुन्या वह्यांतलं सगळं टाइप करत बसणार नाही. लागेल तेव्हा लागेल तेवढंच.