खालून वाचायचा निरोप

पायथन शिकणाऱ्याची अपवादाशी गाठ बहुधा पहिल्याच दिवशी पडते. वयाच्या जागी कुणी अक्षरांत ‘वीस’ लिहिले, इंट फंक्शनला त्याचा आकडा करता आला नाही, की पडद्यावर ट्रेसबॅक उमटतो. नवखा माणूस त्या ओळी पाहूनच बिचकतो. ट्रेसबॅक खालून वाचायचा असतो, हे कळायला थोडे दिवस जातात: शेवटच्या ओळीत व्हॅल्यूएरर हे नाव आणि कारण, तिच्या वर चूक घडली ती जागा, त्याहून वर तिथवर आणणारी वाट. इतका नेमका पत्ता देणारा निरोप खरे तर मायेचाच म्हणायला हवा.

पुढे ट्राय आणि एक्सेप्ट हाती येतात आणि मोह सुरू होतो. नुसते ‘एक्सेप्ट’ लिहून खाली ‘पास’ टाकले की ट्रेसबॅक दिसेनासा होतो. चूक मात्र तिथेच राहते. रात्रभर चाललेला प्रोग्राम सकाळी ‘काम पूर्ण’ म्हणतो आणि फाइल रिकामी निघते. असे बिननावी एक्सेप्ट कंट्रोल-सी दाबल्यावर येणारा कीबोर्डइंटरप्टही गिळून टाकते. ज्या चुकीवर उपाय ठाऊक आहे तिचेच नाव एक्सेप्टपुढे लिहावे आणि ट्रायमध्ये मोजक्याच ओळी ठेवाव्यात, ही शिस्त अशा सकाळींनंतर अंगी मुरते.

रेजचे मोल सर्वांत उशिरा कळते. खात्यातून काढायची रक्कम उणे आली, तर हिशेब करणाऱ्या फंक्शनने शून्य परत करणे ही बोलावणाऱ्याची फसवणूक आहे. त्याने अपवाद उठवावा. तो एकेक फंक्शन ओलांडत, निर्णय घेऊ शकणाऱ्यापर्यंत वर जातो. वाटेत त्याचे रूप बदलायचे झाले, तर ‘रेज’बरोबर ‘फ्रॉम’ लिहिल्याने मूळ कारण जपले जाते. ही सोय 2008 मधल्या पायथन 3.0 ने दिली.

भाषाही या बाबतीत शिकतच आली. सुरुवातीचे अपवाद म्हणजे साध्या स्ट्रिंग होत्या, 2.6 आवृत्तीपर्यंत त्या पुरत्या गेल्या आणि अपवाद हे क्लासच झाले. एकाच ट्रायला एक्सेप्ट आणि काहीही घडले तरी चालणारे फायनली जोडण्याची मुभा 2006 मध्ये, 2.5 आवृत्तीत मिळाली. 2022 च्या 3.11 पासून वर निघालेल्या अपवादाला टीपही जोडता येते: कोणती फाइल वाचत होतो, कितव्या ओळीवर अडलो.