बोस्टन नगरींतील एक शपथविधि

बोस्टन येथील फॅन्युइल हॉल पाहावयास जाणारे प्रवासी बहुधा भोवतालच्या बाजारांत खाऊनपिऊन परत फिरतात. आमच्याही हातून कदाचित् तेंच घडलें असतें. परंतु २०१८ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही सपत्नीक तेथें गेलों, तें केवळ स्थलदर्शनासाठीं नव्हे. आमचे थोरले चिरंजीव त्या दिवशीं त्या वास्तूंत अमेरिकेचे नागरिक व्हावयाचे होते.

इमारत लाल विटांची, फारसा भपका नसलेली. पीटर फॅन्युइल नांवाच्या व्यापाऱ्यानें ती १७४२ सालीं गांवास बांधून दिली. खालीं मंडई आणि वर सभागृह, अशी मूळची योजना. शिखरावर सोनेरी मुलाम्याचा तांब्याचा नाकतोडा वाऱ्याबरोबर फिरत असतो. इंग्रजांच्या करांविरुद्ध या गांवच्या लोकांनीं येथें सभा भरविल्या, म्हणून हिला स्वातंत्र्याचा पाळणा म्हणतात. त्याच फॅन्युइलच्या संपत्तींत गुलामांच्या व्यापाराचाही पैसा होता. पण ही गोष्ट तिकडचे लोक आतां लपवीत नाहींत. आणखी एक मौज अशी कीं, या नगरींतील जुन्या धनाढ्य व विद्याव्यासंगी घराण्यांस 'बोस्टनचे ब्राह्मण' म्हणण्याचा प्रघात आहे. ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-लेखकानें १८६० सालीं हा शब्द प्रचारांत आणला. सूनबाईंनीं हें सांगतांच आमचें कुटुंब म्हणालें, "मग हे सोवळें कुठें वाळत घालतात?"

जिना चढून वर गेलों. उमेदवार खालच्या खुर्च्यांवर आणि आप्तेष्ट वरच्या सज्जांत, अशी व्यवस्था होती. समोर भिंतभर डॅनिएल वेब्स्टर यांच्या एका गाजलेल्या भाषणाचें भव्य तैलचित्र. दारांतच चिरंजीवांकडून त्यांचें हिरवें कार्ड काढून घेण्यांत आलें. न्यायाधीशबाई आल्यावर एकेका देशाचें नांव पुकारलें जाई आणि त्या त्या देशाचे लोक उठून उभे राहत. भारताचें नांव निघालें तेव्हां चिरंजीवही उठले. शाळेंत हजेरी घेतांना आम्हीं अशीं नांवें चाळीस वर्षें पुकारलीं. पण तेथील 'हजर' आणि हें उठणें यांत फार अंतर होतें. हें हजर होणें निघून जाण्यासाठीं होतें. शेजारीं एक हैतीच्या वृद्ध बाई रुमालानें डोळे टिपीत होत्या. त्या आनंदानें रडत होत्या कीं आमच्यासारख्याच कारणानें, हें कळावयास मार्ग नव्हता.

मग शपथ झाली. ज्या राज्याची प्रजा म्हणून आजवर राहिलों, त्यावरची निष्ठा सर्वस्वीं सोडून देतों. या देशाच्या राज्यघटनेचें रक्षण करीन. कायद्यानें सांगितलें तर शस्त्रही धरीन, असा तिचा आशय आहे. आमचा व्यवसाय संस्कृत शिकविण्याचा; त्यामुळें आमच्या मनांत प्रथम दत्तकविधान उभें राहिलें. दत्तक गेलेला पुत्र जनक पित्याच्या गोत्रास व धनास मुकतो. धर्मशास्त्रानें 'द्व्यामुष्यायण' म्हणून दोन्ही घरांचा पुत्र होण्याची एक सोय ठेविली आहे. परंतु आमच्या देशाचा १९५५ चा नागरिकत्वाचा कायदा ती सोय देत नाहीं. स्वेच्छेनें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व घेतलें कीं इकडचें आपोआप संपतें. २००५ च्या दुरुस्तीनें निघालेलें 'ओसीआय' कार्ड घेतलें म्हणजे आजन्म येणेंजाणें व राहणें करतां येतें. पण मत देतां येत नाहीं, शेतजमीनही विकत घेतां येत नाहीं. वाईच्या आमच्या एकत्र घरांत याच मुद्द्यावर धाकट्या बंधूंनीं केवढा गहजब केला! जमीन वारशानें येण्यास आडकाठी नाहीं, हें त्यांस पटवून देण्यांत दोन महिने गेले.

हें नागरिकत्व आपल्या लोकांस पूर्वीं मागूनही मिळत नसे. भिकाजी बलसारा नांवाच्या मुंबईच्या एका पारशी गृहस्थांचा दावा १९१० सालीं न्यायालयानें मान्य केला; परंतु १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें हिंदी मनुष्य गोरा नव्हे, सबब तो नागरिक होऊं शकत नाहीं, असा निकाल दिला. ज्यांस आधीं नागरिकत्व मिळालें होतें, त्यांचेंही काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला. थिंद यांच्या वकिलांत एक सखाराम गणेश पंडित होते. नांव वाचतांच आमचे कान टवकारले! हे १९१४ सालींच नागरिक झालेले. त्यांच्यावरही सरकारनें दावा लाविला. तुम्हीं दिलेल्या नागरिकत्वाच्या भरंवशावर मी वकिली पत्करली, संसार थाटला. आतां तें परत कसें घेतां, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद होता. १९२६ सालीं वरिष्ठ न्यायालयांत ते जिंकले आणि पुढें सर्वोच्च न्यायालयानेंही त्यांत हात घातला नाहीं. हिंदी लोकांस सरसकट नागरिक होण्याचा अधिकार मिळाला तो १९४६ च्या कायद्यानें, आणि त्यांत नव्यानें येणारांचा वार्षिक आंकडा होता अवघा १००!

परीक्षेचें सांगावयाचें राहिलें. तेव्हां शंभर प्रश्नांची यादी असे; त्यांतून जास्तींत जास्त दहा विचारीत व सहा बरोबर आले कीं उत्तीर्ण. (ऑक्टोबर २०२५ पासून ती अधिक कठीण झाली आहे, वीस प्रश्न व बारा उत्तरें.) चिरंजीवांची ही तयारी त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलानें करून घेतली होती. तो तेथेंच जन्मल्यामुळें जन्मतःच नागरिक. बापाचें उत्तर चुकलें कीं तो आमच्या थाटांत 'पुन्हा म्हण' असें म्हणे.

आमचा विरोध कसा मावळला, हेंही प्रामाणिकपणें लिहिलें पाहिजे. तीन वर्षांपूर्वीं कुटुंबाच्या दुखण्यांत चिरंजीव आले, आणि पांच महिने होतांच परतले. आम्हीं त्या वेळीं फार कठोर शब्द लिहिले. त्यावर त्यांचें उत्तर आलें: "बाबा, हिरव्या कार्डावर असतांना मी वर्षाहून अधिक बाहेर राहिलों तर इकडचें दार बंद होतें. सहा महिने ओलांडले तरी प्रश्न विचारतात. नागरिक झालों, तर आईजवळ दोन वर्षेंही राहतां येईल." भारतांत राहतां यावें म्हणून भारताचें नागरिकत्व सोडावयाचें! हें कोडें आम्हीं कितीदां उलटसुलट केलें, परंतु त्यांत त्यांची लबाडी सांपडली नाहीं.

त्या संध्याकाळीं घरीं पूजा झाली. संकल्प सांगतांना तिकडचे पुरोहित जंबुद्वीपाऐवजीं क्रौंचद्वीप म्हणतात. चिरंजीवांनींही तसेंच म्हटलें. आम्ही शेजारीं बसून मनांत आमचेंच भरतखंड म्हणत होतों.

पुढें वकिलातींतून त्यांचें भारतीय पारपत्र रद्दचा शिक्का मारून परत आलें. आम्ही वाईस आल्यावर मतदारयादी पाहिली; चिरंजीवांचें नांव आमच्या नांवाखालीं जसेंच्या तसें होतें. शाळेंत असतांना ही यादी घरोघर फिरून आम्हींच कितीदां दुरुस्त केली होती, म्हणून कोणता फॉर्म लागतो हें ठाऊक होतें. सात नंबरचा फॉर्म आम्हीं स्वतः भरला. कचेरींतील कारकून आमचाच जुना विद्यार्थी. कारणाचा रकाना वाचून तो हळूच म्हणाला, "गुरुजी, राहू द्या ना नांव. कोण बघतंय?"

"तूं बघितलेंस ना?" आम्ही म्हणालों. "पोंच दे."