ब्रश, गोडेतेल आणि दादीचा दमा

आमचं घर दोन खोल्यांचं. थोरली मुलगी चित्रकलेच्या डिप्लोमाला, आणि सासूबाईंना जुना दमा. मुलगी तैलरंगाला बसली की अडचण रंगाची नसे. ब्रश धुण्यासाठी टर्पेंटाइनची बाटली उघडली की होई. पलीकडच्या खोलीत दादीला धाप लागायची. खिडक्या उघडून झाल्या, पंखा लावून झाला. शेवटी पोरगी म्हणाली, "अम्मी, मी कॉलेजातच रंगवीन." घरचा सराव सुटला तर ती मागे पडणार, हे मला दिसत होतं. दादीचा श्वास तर त्याहून मोलाचा.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. रंगांतलं मला कळत नाही. शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली रंगपूड. फणसाचा चीक हाताला लागला तर काय करता?" तेल चोळतो. तेच इथे करायचं.

आता आमच्याकडे असं चालतं. काम संपलं की ब्रश आधी चिंधीने दाबून पुसायचा. निम्म्याहून जास्त रंग इथेच निघतो. मग बशीत चमचाभर गोडेतेल घेऊन त्यात ब्रश घोळवायचा, पुन्हा पुसायचा. चिंधीवर रंग उमटेनासा होईपर्यंत हे दोन-तीनदा. नंतर कपड्याच्या साबणाची वडी ओली करून तिच्यावरच ब्रश फिरवायचा आणि कोमट पाण्याने धुवायचा. तळहातावर घासायचा नाही, कारण काही रंगांत शिसं किंवा कॅडमियम असतं. फेस पांढरा आला की झालं. केसांना बोटांनी आकार देऊन ब्रश आडवा वाळवायचा. उभा ठेवला तर पाणी पत्र्याच्या नळीत उतरतं आणि दांडा फुगतो.

साबणाची पायरी गाळू नये. शेंगदाण्याचं तेल जवसासारखं वाळत नाही. ते केसांत राहिलं तर पुढचं चित्र चिकट राहतं. शिवाय हे सगळं त्याच दिवशी करावं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, मग गोडेतेलाचं काही चालत नाही.

आणखी एक, फार महत्त्वाचं. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तो आतून तापून आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवा. पुसलेला रंगही मोरीत सोडू नका.

वेळ जास्त लागतो, हे खरं. टर्पेंटाइनने पाच मिनिटांत होणारं काम आता वीस मिनिटं घेतं. पण त्या वीस मिनिटांत दादी शेजारी बसून जुन्या ओढण्यांच्या चिंध्या फाडून देते आणि नातीला विचारते, "आज कुणाचा चेहरा काढलास?" आधी ती दार लावून घेत असे.