सशाचे बिऱ्हाड

ससा पाळायचा म्हटले, की लोक ससा आधी आणतात आणि त्याच्या घराचा विचार मागाहून करतात. धाकटीने हट्ट धरला तेव्हा मी अट घातली, "आधी घर, मग ससा." आणि पंचाईत सुरू झाली.

सौ.ला तारेचा पिंजरा पसंत. ससा चारी बाजूंनी दिसणार, घाण जाळीतून आपोआप खाली पडणार. सोय होती खरी. पण सगळी आमची! सशाच्या तळव्यांना मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तारेवर बसून बसून तिथे जखमा होतात.

शिवाय चारी बाजूंनी उघडे राहणे त्याच्या स्वभावातच नाही. आपल्या माळरानावरचा ससा गवतातल्या उथळ खळग्यात दडतो. त्याला पाळायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. बाजारात मिळतो तो मूळचा युरोपातला, जमीन पोखरून बिळात राहणारा. मराठीने दोघांना नाव एकच दिले. घरे मात्र निराळी.

त्यात आमच्या नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, उन्हाळा! वैशाखात पारा चाळिशीला टेकतो. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो बरीचशी कानांवाटे टाकतो. तिशीपुढेच त्याचा जीव कासावीस होतो. पत्र्याखालचा पिंजरा म्हणजे त्याला भट्टीच.

शेवटी उत्तरेकडच्या पडवीत फरशीवरच १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच जागा बारीक जाळीने बंद केली. मांजर-मुंगसाला मज्जाव, सशाला मात्र सलग तीन उड्या मारता याव्यात, मागच्या पायांवर उभे राहता यावे. आजीचा गळका रांजण आडवा करून विटांनी टेकवला, वर ओले गोणपाट टाकले. झाले बीळ! आत-बाहेर वाळके गवत. तेच अंथरूण, तेच जेवण; कारण सशाचे दात जन्मभर वाढतात आणि चघळण्यानेच झिजतात.

ससा आला आणि दोन दिवस रांजणातच बसला. धाकटी हिरमुसली.

"बाबा, मग तो दिसणार कधी?"

"त्याला वाटेल तेव्हा."

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तो आपण होऊन बाहेर आला, तिचे बोट हुंगले आणि सावकाश परत गेला. लपायला हक्काची जागा होती, म्हणूनच त्याला बाहेर येण्याचा धीर झाला. दोन खोल्यांत सहा माणसांनी राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

धाकटी आता म्हणते, "एकट्याला करमत नाही हो त्याला." तेही खरेच, ससा कळपातला प्राणी. दुसऱ्या रांजणाच्या शोधात आहे.