लाल ते लाल, काळी ते काळी

आयटीत काम करणाऱ्या माणसाला विजेवर चालणारं काहीही दुरुस्त करता येतं, असा आमच्या नातेवाईकांत एक पक्का समज आहे. मी जावा लिहितो हो, मिक्सर नाही! पण ऐकतंय कोण. मावशीचा राउटर झाला, काकांचा इन्व्हर्टर झाला, शेजारच्या आजोबांचा सेट टॉप बॉक्स झाला. या पावसाळ्यात नंबर लागला मामाच्या होम थिएटरचा.

मामा राहतो ठाकुरवाडीला. कर्जत-खालापूर भागात या नावाच्या वाड्या एक नाही, बऱ्याच आहेत. ठाकर समाजाची वस्ती ती ठाकुरवाडी, इतका साधा हिशेब. मामाची वाडी पळसदरीच्या बाजूची, घाटाच्या पायथ्याची. याच नावाचं एक ठाणं कर्जत-लोणावळा घाटात रेल्वेचंही आहे. तिथे लोकल जात नाही आणि मेल-एक्सप्रेसने उतरायचं कोणाला नसतं, त्यामुळे पुण्याला जाता-येता खिडकीतून पाटी दिसते तेवढीच त्याची ओळख.

मामाची ओळख मात्र जास्त. त्याची अख्खी नोकरी रेल्वेत, त्यातली बरीच वर्षं कर्जतच्या बँकर इंजिनांवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की गाडी १ फूट वर चढते. रस्त्यावर हे काहीच नाही, पण लोखंडाच्या रुळावर लोखंडाच्या चाकाला हे फार झालं. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि गाडी ढकलत वर नेतात. मामा ड्रायव्हर. (आता लोको पायलट म्हणायचं. तो अजून ड्रायव्हरच म्हणतो.) इंजिनाच्या आवाजात जरा फरक पडला की तो आधी त्याच्या कानाला कळायचा, मग मीटरला. निदान तो तरी असंच सांगतो, आणि त्याच्याबरोबरचे लोकही मान डोलावतात.

तर निवृत्तीनंतर या माणसाने हौसेने ५.१ घेतलं. पुढे दोन स्पीकर, मधे एक, मागे दोन, आणि एक सबवूफर. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. दुकानाचा पोरगा येऊन लावून गेला. टीव्हीखाली मामीचं शोकेस, त्यात मधला स्पीकर मावेना. पोऱ्याने तो खोक्यात परत घालून माळ्यावर ठेवला, रिसीव्हरच्या मेनूत 'सेंटर: नाही' असं केलं आणि चहा पिऊन गेला. तसं यात काही चूक नाही. मधला स्पीकर नसेल तर संवाद डाव्या-उजव्या दोन्हीतून सारखे वाजतात आणि ऐकणाऱ्याला ते पडद्याच्या मधून आल्यासारखे वाटतात. स्टीरिओची सगळी गंमत तीच आहे. ॲलन ब्लमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९३१ साली याचं पेटंट मागितलं. म्हणतात की बायकोबरोबर सिनेमाला गेला असताना त्याला खटकलं, नट पडद्यावर इकडून तिकडे जातो आणि आवाज मात्र एकाच जागेवरून येत राहतो!

पाच-सहा महिन्यांत मामाकडून तक्रार सुरू झाली. संवाद कळत नाहीत. आवाज येतो, पण 'पोकळ' येतो, हा त्याचा शब्द. व्हॉल्यूम ३५ चा ५० वर गेला. मामी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची, "अहो, कान फुटतील आमचे, मला सगळं नीट ऐकू येतंय." मामेभावालाही बाजूच्या दिवाणावरून नीट ऐकू यायचं. ऐकू येत नव्हतं ते फक्त मामाला.

पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. वय, त्यात इंजिनात गेलेला जन्म. मामेभाऊ त्याला पनवेलला कान तपासायला घेऊन गेला. ऑडिओग्राम निघाला आणि ४००० हर्ट्झच्या आसपास चांगलाच खड्डा दिसला. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांचा आलेख असाच असतो. झालं, खटला निकाली! श्रवणयंत्राची माहितीपत्रकं घरी आली. मामा काही बोलला नाही. फक्त टीव्हीपुढे बसायचं बंद केलं. संध्याकाळी ओटीवर खुर्ची टाकून बसायचा, घाटातून गाड्या वर चढताना ऐकत. मामी म्हणाली, जेवताना पण हल्ली बोलत नाही, आपलं काही चुकीचं ऐकू आलं तर हसतील असं वाटतं त्याला.

हे मला मामीने फोनवर सांगितलं आणि मग फोन मामाकडे दिला. मामा माझ्याशी वीस मिनिटं बोलला. एकदाही "काय?" म्हणाला नाही.

इथे माझा किडा वळवळला. साध्या फोन कॉलवर आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच येतो. वरचं सगळं कापलेलं असतं. म्हणजे मामाचा ४००० चा खड्डा फोनवर फारसा आडवा येत नाही, हे समजलं. पण टीव्हीवरच्या बातमीदाराचा आवाजही मुख्यतः त्याच पट्ट्यात असतो. मग फोनवर कळतं आणि टीव्हीवर कळत नाही, हे काय प्रकरण? शनिवारी ठाण्याहून कर्जत लोकल पकडली.

मामाच्या हॉलमध्ये त्याची खुर्ची बरोब्बर मधोमध. दोन्ही स्पीकरपासून सारखं अंतर, अगदी पुस्तकात दाखवतात तशी. घरातली सगळ्यात चांगली जागा, घरातल्या कर्त्याची. मी त्या खुर्चीत बसलो आणि बातम्या लावल्या. दोन मिनिटांत डोकं गरगरायला लागलं. निवेदिका पडद्यावर आणि तिचा आवाज कुठेच नाही. डावीकडून थोडा, उजवीकडून थोडा, डोक्याच्या मागून थोडा, आणि मधे भोक. उठून मामीच्या जागी, दारात गेलो. एकदम बरा! परत खुर्चीत आलो, परत भोक.

ज्याने कधी स्पीकर लावलेत त्याला हे लक्षण पाठ असतं. एक स्पीकर उलटा. म्हणजे डाव्याचा पडदा बाहेर येतो तेव्हा उजव्याचा आत जातो. एक हवा ढकलतोय, दुसरा ओढतोय. मधोमध बसणाऱ्याकडे दोन्ही लाटा एकाच वेळी पोचतात आणि एकमेकींना खातात, खालच्या सुरांत तर जास्तच. पुरुषी आवाजाचं 'अंग' जिथे असतं, शंभर-दोनशे हर्ट्झ, तिथे सगळ्यात जास्त. बाजूला बसणाऱ्याचं अंतर सारखं नसतं. समजा ३४ सेंटीमीटरचा फरक पडला, तर ५०० हर्ट्झची लाट बरोबर अर्धी मागे पडते आणि खाण्याऐवजी उलट भर घालते. म्हणून मामीला छान ऐकू यायचं. खराब आवाज घरात एकाच खुर्चीवर येत होता आणि त्या खुर्चीवर ज्याच्यावर संशय घेणं सोपं, असा माणूस बसत होता.

आता म्हणाल, वायर उलटी लावली असेल. नाही! मागे पाहिलं तर लाल ते लाल, काळी ते काळी, दोन्हीकडे चोख. रिसीव्हरबरोबर येणारा छोटा माईक खुर्चीत ठेवून ऑटो सेटअप चालवला. त्याने पडद्यावर स्वच्छ लिहिलं की पुढच्या उजव्या स्पीकरचा फेज तपासा. दुकानाच्या पोऱ्याला ते आलं असणारच, आणि त्याने 'पुढे जा' दाबलं असणार. त्याला तरी काय बोलणार, मॅन्युअलमध्येच लिहिलंय की भिंतीवरून परत येणाऱ्या आवाजामुळे ही सूचना चुकूनही येते, वायरी बरोबर असतील तर दुर्लक्ष करा. आमच्या ऑफिसात बिल्ड करताना येणाऱ्या वॉर्निंगचं आम्ही काय करतो ते सांगून मी कोणाला लाजवत नाही.

मग घड्याळातला सेल काढला. साधा दीड व्होल्टचा. ही युक्ती रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची, फार जुनी. स्पीकरची वायर ॲम्प्लिफायरपासून सोडवायची, जाळी काढायची, सेलची अधिक बाजू लाल टोकाला आणि वजा काळ्याला क्षणभर टेकवायची. वूफरचा पडदा टक्क करून एका बाजूला हलतो. डावा बाहेर आला. उजवा आत गेला. मामाने मला तीनदा करायला लावलं, चौथ्यांदा स्वतः केलं, आणि पडद्यावर हलकेच बोट ठेवून बघितलं.

एक सावधगिरी, घरी करून बघणाऱ्यांसाठी. एकट्या स्पीकरवरून निष्कर्ष काढू नका. ट्विटर किंवा मिड मुद्दाम उलटा जोडलेला असतो काही डिझाइनमध्ये, कारण क्रॉसओव्हरमुळे त्यांचा फेज आधीच फिरलेला असतो. जोडीतला दुसरा शेजारी ठेवूनच बघायचं.

सर्व्हिस सेंटर कल्याणला. तिथल्या माणसाने स्पीकर लावला, गाणं लावलं, आणि म्हणाला, "वाजतोय ना साहेब." वाजतोय! प्रॉब्लेम तोच आहे. शेवटी सेल दाखवल्यावर त्याने मागची टर्मिनलची प्लेट उघडली. आत लाल खुंटीवरून निघालेली वायर क्रॉसओव्हरच्या वजाला गेलेली. दोन्ही क्लिपा एकाच मापाच्या, कुठलीही कुठेही बसेल. बऱ्याच स्पीकरना अधिकची पट्टी रुंद आणि वजाची अरुंद असते, ती याचसाठी. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी टोयोटाच्या कामात हीच गोष्ट 'पोका-योके' म्हणून रुजवली, १९६० च्या दशकात. माणसाला सावध राहायला सांगू नका, चुकीची क्लिप बसणारच नाही अशी करा.

मला जास्त रस होता की हा डबा कारखान्याच्या तपासणीतून सुटला कसा. कारण तपासणी झाली नसेल असं मला वाटत नाही. पट्ट्याच्या शेवटी स्पीकरवरून खालून वर सगळे सूर एका दमात फिरवतात, माईक ऐकतो, आलेख ठरलेल्या रेषांच्या आत आला की पास. कुठे घासतंय, खरखरतंय तेही त्यात कळतं. पण अख्खा डबाच उलटा असेल तर त्या आलेखात फरक शून्य! कुठल्या सुराला किती आवाज, एवढंच तो सांगतो. पडदा आधी बाहेर गेला की आत, हे वेगळं मोजावं लागतं. फक्त वूफर उलटा लागला असता तर वूफर-ट्विटरच्या सांध्यावर खड्डा पडून पकडला गेला असता. म्हणजे अर्धी चूक सापडते आणि पूर्ण चूक पास होते. डावा एकटा निर्दोष, उजवाही एकटा निर्दोष. दोष दोघांच्या मधल्या हवेत. युनिट टेस्ट सगळ्या हिरव्या आणि प्रॉडक्शन बोंबलतंय, हे दृश्य आपल्यापैकी किती जणांनी शुक्रवारी संध्याकाळी पाहिलंय?

त्यात सेटअपने पुरावाच पुसला होता. एक स्पीकर उलटा असला की सगळ्यात आधी ढोलकी-तबल्याचा दम जातो, कोणालाही कळतं. पण इथे ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे पाठवलेलं. तो बिचारा कोपऱ्यात इमानाने धमधमत होता, आणि मधला स्पीकर, ज्याने संवाद वाचवले असते, तो माळ्यावर.

सर्व्हिसवाला म्हणाला, उघडायचं कशाला, घरी या एका स्पीकरला लाल वायर काळ्यात लावा, झालं काम. खरंय, काम होतं. मी हो म्हणणार तेवढ्यात मामा म्हणाला, "आणि उद्या हिने साफसफाईला वायरी काढल्या तर? ती लाल ते लालच लावणार." मग त्याला घाटातल्या कॅच सायडिंगबद्दल सांगत बसला. उतरणाऱ्या गाडीसाठी तिथला सांधा नेहमी सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडी थांबली, ब्रेक धरतायत हे दिसलं, की मगच मेन लाइन मिळते. ब्रेक गेलेली गाडी आपोआप चढावर जाऊन थांबते, कोणी काही आठवायची गरज नाही. सर्व्हिसवाल्याला किती कळलं माहीत नाही, पण त्याने मुकाट्याने आतल्या क्लिपा बदलून दिल्या.

घरी आल्यावर बातम्या लावल्या. निवेदिका पडद्यात जाऊन बसली. व्हॉल्यूम ३४. मामेभाऊ म्हणाला, म्हणजे यंत्राचे पैसे वाचले! मामा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "नाही. कुकरची शिट्टी मला खरंच लांबून येते." खड्डा खराच आहे. स्पीकर सरळ झाला म्हणून ४००० हर्ट्झ परत येत नाही, आणि स, श, फ सारखी अक्षरं त्याच भागावर जगतात. पुढच्या आठवड्यात ते पनवेलला चाचणीसाठी यंत्र आणायला जातायत, यावेळी मामाच्या सांगण्यावरून. कानात बसवून देणाऱ्याला त्याने आधीच विचारून ठेवलंय, डावं-उजवं बदललं तर कळणार कसं. दोन रंग असतात म्हणे, उजव्याचा लाल, डाव्याचा निळा.

मधल्या स्पीकरसाठी शोकेसचा एक कप्पा रिकामा करायची बोलणी मामीशी चालू आहेत. तिथे काचेची बदकं आहेत.