पिसांचा हंगाम

नांदूर मध्यमेश्वर, डिसेंबर

गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला आणि निफाड तालुक्यात उथळ पाण्याची पाणथळ तयार झाली. २०२० साली ती महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरली. चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बीण लावली की आधी काळे वारकरी आणि जांभळ्या पाणकोंबड्या दिसतात. त्या ओळखायला पुस्तक लागत नाही. खरी परीक्षा बदकांची.

बदकांचे नर वीण आटोपली की भडक पिसे टाकतात. पंखांतली उड्डाणाची पिसे तर एकदमच गळतात आणि काही आठवडे पक्ष्याला उडता येत नाही. अशा वेळी भडक अंगाने पाण्यात बसणे म्हणजे शिकाऱ्याला आवतण. म्हणून नर मादीसारखाच मातकट होतो. पुढे पंख भरतात, पण अंगावरचा रंग जातीजातीनुसार लवकर-उशिरा परततो. तलवार बदकाचा नर डिसेंबरपर्यंत बहुधा सजलेला असतो: चॉकलेटी डोके, मानेवर चढत गेलेली पांढरी रेघ, टोकदार लांब शेपूट. भुवई बदकाचे नर मात्र याच सुमारास मादीच्याच वेशात असतात, आणि मग थव्यात सगळ्या माद्याच आहेत असे भासते. थवा उठला की उलगडा होतो, कारण नराच्या पंखाचा पुढचा भाग बाराही महिने निळसर राखी असतो. थापट्याची तर चोचच पुरे. फावड्यासारखी ती चोच नर-मादी दोघांनाही असते.

भिगवण, डिसेंबर

उजनीच्या फुगवट्यावर पट्टकदंब हंस उतरतात, हिमालय ओलांडून. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. इथे नर-मादीचा वेश एकच, आणि त्याला कारण आहे. हंसांची जोडी वर्षानुवर्षे टिकते, पिलांची राखण दोघे मिळून करतात. बहुतेक बदके दर हिवाळ्यात नवी जोडी जमवतात, तीही इथेच, मुक्कामाच्या पाण्यावर. मादी निवडते म्हणून नराला नटावे लागते. तिला मात्र जमिनीवरच्या घरट्यात एकटीने अंडी उबवायची असल्याने तपकिरी राहणेच परवडते. चक्रवाक या दोन्हींच्या मधला: दोघेही नारिंगी, मादीचा चेहरा थोडा अधिक पांढुरका, नराच्या गळ्यातली काळी कडी विणीच्या काळात ठळक.

पिसांतली हिरवी-निळी झळाळी रंगद्रव्याची नसते, पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते. त्यामुळे चक्रांग बदकाच्या पंखावरचा हिरवा चमकता पट्टा समोरून ऊन आले तर निव्वळ काळा दिसतो. नावेत बसताना सूर्य पाठीशी ठेवणे म्हणूनच महागड्या दुर्बिणीपेक्षा मोलाचे.

घरच्या मंडळींना रंग पाहायचे असतील तर त्यांनी डिसेंबरची घाई करू नये. फेब्रुवारीत यावे, तोवर भुवई बदकाचे नरही सजलेले असतात आणि पाहुण्यांचा परतीचा प्रवास अजून सुरू व्हायचा असतो.