नोंदवहीत लिहीच

सातारा,
17 सप्टेंबर

चि. मृणाल,


तुझं पत्र काल मिळालं. डिस्टिल्ड वॉटरच्या खोक्यात पोटॅशियम क्लोराईडची अँप्युल निघाली, तू लेबल वाचलंस म्हणून ती बाजूला पडली, आणि इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "काही झालं नाही ना? मग लिहायचं कशाला?" लिहू की नको, असं तू मला विचारतेस. लिही. पुढच्या ड्युटीची वाट बघू नकोस.

दोन्ही अँप्युल प्लास्टिकच्या, पारदर्शक, आतला द्रव पाण्यासारखा. रात्रीचे तीन वाजलेले, एकेका वॉर्मरवर दोन-दोन बाळं, त्यातल्या एकाला झटके येतायत, आणि अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला हात खोक्यात जातो. पोटॅशियम क्लोराईड पातळ न करता शिरेतून गेलं तर धट्ट्याकट्ट्या माणसाचं हृदय थांबतं, मग दीड किलोच्या बाळाला कितीसा वेळ लागणार! जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले, त्यात हाही होता: अशी तीव्र द्रावणं वॉर्डात मोकळी ठेवू नयेत, ती वेगळी, ठळक लेबल लावून, कुलपात असावीत. म्हणजे उपाय ठरलेला आहे, त्याला पैसाही फारसा लागत नाही. पण खोकी एकत्र झाली हे आधी स्टोअरला कळायला हवं ना? तू लिहिलं नाहीस तर ते फक्त तुला माहीत राहील. तू रजेवर गेलीस की त्याच खोक्यापुढे दुसरी मुलगी उभी असेल, आणि तिला कोणी काही सांगितलेलं नसेल.

इन्चार्ज सिस्टरांवर मात्र रागावू नकोस. त्यांची भीती खरी आहे. 9 जानेवारी 2021च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, तुझ्याच कक्षासारख्या नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. 17 बाळं होती, सात वाचली, दहा गेली. पुढे गुन्हा दाखल झाला तो दोन नर्सेसवर. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करायचे आदेश निघाले, आणि दहा महिन्यांच्या आत, 6 नोव्हेंबरला, भाऊबिजेच्या दिवशी, नगरच्या सिव्हिलमध्ये कोविडच्या अतिदक्षता विभागाला लागलेल्या आगीत 11 जण गेले. अटक झाली ती एका शिकाऊ डॉक्टरला आणि तीन नर्सेसना. त्या वेळी ड्युटीवर कोण होतं, कुठे होतं, हे विचारलंच पाहिजे. हेळसांड करणाऱ्याला पाठीशी घाला असं मी कधीच म्हणणार नाही. पण वायरिंग शेवटचं कधी तपासलं होतं, आग विझवायच्या यंत्रणेची फाईल कोणाच्या टेबलावर होती, एका मुलीच्या अंगावर किती रुग्ण टाकले होते, हे प्रश्न तितक्याच जोरात विचारले गेले का? शिक्षा शेवटच्या पायरीवरच्या माणसाला होते हे एकदा सगळ्यांनी पाहिलं की पुढच्या वेळी ठिणगी दिसली तरी कोणी कागदावर आणत नाही. मला सगळ्यांत जास्त धास्ती या गप्प राहण्याची वाटते.

हे गप्प राहणं मोडता येतं. सर्जन अतुल गवांदे यांचं नाव तू कॉलेजात ऐकलं असशील. वडिलांकडून ते यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर वाचून दाखवायची एक यादी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर जागतिक आरोग्य संघटनेसाठी तयार केली आणि आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली. त्यात लंडन, टोरांटो होतं, तसंच दिल्ली, मनिला आणि टांझानियातलं इफाकाराही होतं. 2009 साली निष्कर्ष छापून आले: ऑपरेशननंतरचे मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले होते. त्या यादीतली मला सगळ्यांत आवडलेली ओळ औषधाची नाही, उपकरणाचीही नाही. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. ज्या सिस्टरने एकदा सर्जनसमोर तोंड उघडलं, तिला पुढे "सर, थांबा, गॉज एक कमी आहे" म्हणायला जड जात नाही.

पण यादी भिंतीवर चिकटवून भागत नाही, हेही त्याच मंडळींनी प्रामाणिकपणे दाखवून दिलं. बाळंतपणासाठी अशीच यादी करून त्यांनी उत्तर प्रदेशातल्या 120 आरोग्य केंद्रांत अभ्यास केला. निम्म्या केंद्रांत प्रशिक्षक महिनोन्‌महिने जाऊन नर्सेसच्या सोबत उभ्या राहिल्या. हात धुणं, रक्तदाब बघणं, बाळाला आईजवळ ठेवणं, सगळं सुधारलं. प्रशिक्षकांचं येणं थांबल्यावर त्यातलं काही सुटत गेलं. आणि 2017 साली आकडे आले तेव्हा आई-बाळांचे मृत्यू कमी झालेले नव्हते. मला तरी यातून असं वाटतं की नर्सने आपलं काम चोख केलं तरी वेळेला रक्त, भूलतज्ज्ञ आणि पुढे न्यायला गाडी नसेल तर बाई वाचत नाही. म्हणून कमतरता काय होती हेही लिहीत जा. नळाला पाणी नव्हतं, लिही. सक्शन मशीन बंद होतं, लिही. रात्री बारा बाळांमागे तू एकटी होतीस, तर तो आकडा तर लिहीच. नाहीतर उद्या जंतुसंसर्गाने बाळ गेलं की "सिस्टरने हात धुतले नाहीत" एवढंच केसपेपरावर उरेल.

आता कसं लिहायचं ते. कोणाचंही नाव घालू नकोस. तारीख, वेळ, खोकं कुठल्या कपाटात होतं, दोन्ही अँप्युलचे बॅच नंबर, चूक कशामुळे लक्षात आली, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय हवं. बस. मत नको, तक्रारीचा सूर नको. आणि परस्पर वर पाठवू नकोस. आधी इन्चार्ज सिस्टरांसमोर बसून वाचून दाखव. त्यांना म्हण, "सिस्टर, पुढची ओळ तुम्ही सांगा, मी लिहिते." त्यांच्या सूचनेवरून कुलूप आलं तर ते त्यांचं काम म्हणूनच वर जाऊ दे. माझ्या नोकरीत मी बघितलंय, श्रेय मिळालं की घाबरलेली माणसंही सही करतात. स्टोअरच्या फार्मासिस्टना एक प्रत दे आणि दुसऱ्या प्रतीवर त्यांची पोच घे. कपाटातून खोकी काढून देणाऱ्या मावशींनाही दोन्ही अँप्युल हातात देऊन फरक दाखव. रात्री खोकं आधी त्यांच्याच हातात येतं.

तरीही नोटीस आलीच तर एकटी उत्तर लिहीत बसू नकोस. मला फोन कर, आणि तुमच्या संघटनेच्या बाईंनाही कळव. वहिनीला सांग, दसऱ्याला येते आहे. खोकी वेगळी झाली की नाही ते मात्र त्याआधी कळव.

तुझी,
आत्या